डायपर रॅशचा आठवा दिवस: बरं होत होतं, मग उलटं का फिरलं?

खिडकीपाशी (धागाकर्ती), रात्री १:५०

लेक साडेनऊ महिन्यांची. कान दुखत होता म्हणून डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. कान बरा झाला, पण पोट बिघडलं. दिवसाला सात-आठ वेळा पातळ शी, आणि बघता बघता ढुंगण लालबुंद. आज त्याला आठवा दिवस.

काय काय करतेय ते सगळं लिहिते, म्हणजे कुठे चुकतंय ते सांगता येईल. दर शीनंतर वाइप्सने पुसते, साबणाने धुते, टॉवेलने कोरडं करते, रॅश क्रीम लावते, वर थोडी पावडर भुरभुरवते आणि लगेच डायपर. चार दिवस काडीचा फरक नव्हता. पाचव्या दिवशी नवऱ्याला आठवलं की त्याच्या खाजेसाठी आणलेली एक ट्यूब कपाटात अर्धी पडून आहे. ती लावली आणि दुसऱ्या दिवशी लाली निम्म्यावर! आम्ही खूश. काल लावायची थांबवली, तर आज सकाळपासून आधीपेक्षा लाल, आणि पसरलंयसुद्धा.

दुपारी वाइप लावला तेव्हा ती लगेच रडली नाही. आधी श्वास धरून ठेवला, दोन्ही पाय पोटाशी घेतले आणि मग जी किंचाळली... तेव्हापासून डायपर बदलायची वेळ आली की माझ्याच पोटात गोळा येतो. सासूबाई म्हणतात दात येताहेत, त्याने होतं. खरंच असतं का असं?

टाचणी, रात्री २:१५

मीही जागीच, आमच्याकडे सात महिन्यांचा घुबड आहे. साबण, पावडर आणि नवऱ्याची ट्यूब, तिन्ही आत्ताच्या आत्ता बंद. बाकीचं सकाळी जाणकार सांगतीलच. आणि तुम्ही वाईट आई नाही आहात, हे रात्री दोन वाजता कुणीतरी सांगायला लागतं म्हणून सांगतेय.

जुळ्यांची_आई, सकाळी ६:४०

दोघांचे मिळून डायपर बदलण्यात माझी दोन वर्षं गेली आहेत, तेव्हा पदवी नसली तरी अनुभव भरपूर.

ताई, तुम्ही स्वच्छता कमी करत नाही आहात, जास्त करताय. सोललेल्या त्वचेवर दिवसातून आठ वेळा आधी वाइप, मग साबण, मग टॉवेल म्हणजे आठ वेळा खरवडणं झालं. शी झाली की कोमट पाण्याची धार सोडा. माझ्याकडे बारीक तोंडाची एक पिळायची बाटली होती, तिच्याने काम सोपं व्हायचं. हात लावायचाच नाही, पाण्यानेच निघून जाऊ द्यायचं. मग मऊ सुती कापड टेकवायचं आणि उचलायचं. पुसायचं नाही, टिपायचं. नुसती शू असेल तर धुवायचीही गरज नसते, टिपलं तरी पुरतं.

मग उघडं ठेवायचं. किती वेळ? जमेल तितका. खाली जाड दुपटं घाला आणि पालथं झोपवून खेळवा. जागी असताना आणि तुम्ही शेजारी असतानाच, झोपेत पालथं नको. माझ्या दोघांनी या काळात गालिचा तीनदा भिजवला. गालिचा धुता येतो.

आता क्रीम. रॅश क्रीम चेहऱ्याला लावतो तसं चोळून जिरवायचं नसतंच! भिंतीला गिलावा करतात तसं थापायचं. खालची त्वचा दिसायला नको इतकं जाड. झिंक ऑक्साइडचं असेल तर पांढरा थर दिसतो, पेट्रोलियम जेली असेल तर चकचकीत. आणि पुढच्या वेळी हा थर खरवडून काढायचा नाही. वरचा घाण झालेला भाग तेवढा पाण्याने काढायचा, खालचा पांढरा राहू द्यायचा आणि त्यावरच नवा थापायचा. मला हे कळायला पहिल्या मुलाचे, म्हणजे चार मिनिटांनी मोठा असलेल्याचे, सहा महिने जावे लागले.

सावकाश, सकाळी ७:०५

वरच्या प्रतिसादाला +१. पावडरबद्दल एक भर: ओल्या क्रीमवर पावडर पडली की तिच्या गुठळ्या होतात आणि जांघेत जाऊन घासतात. शिवाय टाल्कचा बारीक धुरळा बाळाच्या श्वासातून आत जातो तो वेगळाच, फुफ्फुसांना त्याचा त्रास होऊ शकतो.

पांढरा_एप्रन, सकाळी ८:३०

बालरोग विभागात बारा वर्षं परिचारिका म्हणून काम केलं आहे. बाळाला न बघता निदान करणार नाही, पण दोन गोष्टी विचारते. त्यांची उत्तरं द्याल तर धाग्याला दिशा येईल.

एक: लाली जांघेच्या घड्यांच्या आत आहे का, की घड्या सोडून बाकीकडे? पाय हलकेच फाकवून उजेडात बघा. दोन: नवऱ्याच्या ट्यूबवर घटक काय लिहिलेत? ब्रँड नको, बारीक अक्षरांतली औषधांची नावं हवीत.

खिडकीपाशी (धागाकर्ती), सकाळी ९:१०

मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं. लाली घड्यांच्या आतच सगळ्यात जास्त आहे, ओलसर आणि गडद. आणि एक गोष्ट आत्ता पहिल्यांदा लक्षात आली: मोठ्या लाल पट्ट्याच्या कडेला, थोडं अंतर सोडून, बारीक बारीक सुटे ठिपके आहेत. पोटाच्या बाजूला सात-आठ, मांडीवर पाच-सहा. एक-दोघांच्या टोकाला पांढरट आहे. एखाद्या मोठ्या बेटाभोवती लहान बेटं असावीत तसं दिसतंय.

ट्यूबवर लिहिलंय: क्लोट्रिमॅझोल, बीटामेथासोन, निओमायसिन.

पांढरा_एप्रन, सकाळी ९:४५

सविस्तर लिहिते.

साधा डायपर रॅश हा बहुतेक वेळा ओल, घासणं आणि शी-शू यांच्या एकत्र माऱ्याने होतो. डायपर जिथे त्वचेला टेकतो तिथे तो उठतो: ढुंगणाचा फुगीर भाग, मांड्यांची आतली बाजू, ओटीपोट. घड्यांच्या खोल आत डायपर पोचत नाही, म्हणून साध्या रॅशमध्ये घड्या बऱ्याचदा वाचतात. तुमच्याकडे उलटं आहे. घड्यांत गडद लाली आणि भोवती सुटे ठिपके हे कँडिडा नावाच्या यीस्टचं, म्हणजे बुरशीचं, नेहमीचं रूप. ती थोड्याफार प्रमाणात आतड्यात असतेच. अँटिबायोटिकने तिला धाकात ठेवणारे जिवाणू मेले, पातळ शीने त्वचा सोलली, डायपरने उबदार ओल दिली. तिला अजून काय हवं? साधा रॅशसुद्धा तीन दिवसांपेक्षा जास्त रेंगाळला तर त्यात कँडिडा शिरल्याची शंका घेतात. बाळाच्या तोंडात जिभेवर किंवा गालाच्या आतून पुसून न निघणारे पांढरे चट्टे आहेत का, तेही बघून ठेवा.

आता ट्यूब. क्लोट्रिमॅझोल हे बुरशीवरचं औषध, ते ठीक. पण बीटामेथासोन हे तीव्र स्टेरॉइड आहे. स्टेरॉइडने सूज आणि लाली झपाट्याने दबते, म्हणून तुम्हाला दोन दिवस चमत्कार दिसला. त्याच वेळी तिथली त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते, आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. ट्यूब थांबली, झाकण उडालं. शिवाय डायपर म्हणजे घट्ट पट्टी बांधल्यासारखंच. त्याखाली लावलेलं औषध उघड्या त्वचेपेक्षा कितीतरी जास्त आत शोषलं जातं, आणि बाळाच्या वजनाच्या मानाने ती त्वचा खूप असते. फार दिवस चाललं तर त्वचा पातळ होते, शरीराच्या स्वतःच्या स्टेरॉइड निर्मितीवरही परिणाम होऊ शकतो. तिसरा घटक निओमायसिन, त्याची ॲलर्जी होणारे लोक पुष्कळ असतात.

दोन दिवस लावलंत, घाबरून जाऊ नका. पण आजच डॉक्टरांना दाखवा आणि ट्यूब बरोबर न्या. लपवू नका, रागावले तरी सांगा. डॉक्टर कधी कधी सौम्य हायड्रोकॉर्टिसोन एक टक्का मोजक्या दिवसांसाठी देतात, ते वेगळं. ते त्यांनी ठरवायचं, कपाटाने नाही.

पेन्सिल, सकाळी १०:२०

'कपाटाने नाही' :) आमच्या घरातल्या कपाटाने आजवर बरेच निर्णय घेतले आहेत.

जुना_जाणता, सकाळी ११:००

एवढं सगळं कशाला? खायचा सोडा पाण्यात घालून त्यात बाळाला बसवायचं. शूचं आम्ल मरतं. नाहीतर बोरिक पावडर. आमच्या वेळी सगळ्यांच्या घरात होती आणि आम्ही सगळे जिवंत आहोत.

पांढरा_एप्रन, सकाळी ११:२५

काका, आदर ठेवून पण स्पष्ट सांगते. बोरिक ॲसिड सोललेल्या त्वचेतून रक्तात जातं आणि लहान मुलांना त्याची विषबाधा होते. त्याने मुलं दगावलेली आहेत, म्हणून ते बाळांसाठी बाद झालं. सोड्याचंही तसंच: डायपरच्या जागी वारंवार लावल्याने बाळाच्या रक्तातलं आम्ल-अल्कलीचं संतुलन बिघडल्याची नोंद आहे. आणि मुळात शूचं 'आम्ल' हा दोषी नाहीच. त्वचा स्वतः किंचित आम्लधर्मी असते आणि तशीच असायला हवी. सोडा आणि साबण दोन्ही तिला उलट दिशेला ढकलतात.

कापूर किंवा बधिर करणारी औषधं असलेली मलमंही या जागी नकोत.

अधांतर, दुपारी १२:१०

थोडं अवांतर, पण विषय निघालाच आहे म्हणून. दोष कुणाचा, हा वाद शंभर वर्षांचा आहे. १९२१ साली कुक नावाच्या डॉक्टरांनी एक जिवाणू शोधून मांडलं की तो शूमधल्या युरियाचा अमोनिया करतो आणि अमोनियाने त्वचा जळते. सकाळच्या डायपरचा तो नाक झोंबवणारा वास सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे पटलंही. कित्येक दशकं पुस्तकांत तेच. मग १९७७ मध्ये लायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॅश असलेल्या आणि नसलेल्या बाळांची तुलना केली, तर अमोनियाच्या प्रमाणात तसा फरकच सापडला नाही. म्हणजे नुसता अमोनिया गुन्हेगार नव्हे.

१९८० च्या दशकात साखळी जुळली. शीमधले जिवाणू शूमधला युरिया फोडतात, त्याने त्वचेचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) वर चढतो, म्हणजे ती अल्कलीकडे सरकते, आणि पीएच चढला की शीमधली प्रथिनं आणि चरबी पचवणारी विकरं (एन्झाइम्स) जागी होतात. पचवायला समोर काय असतं? बाळाची त्वचा. जुलाबात अन्न आतड्यातून इतक्या घाईने बाहेर येतं की ही विकरं ताजीतवानी असतात, म्हणून तेव्हा रॅश तासाभरात उठतो. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीचा पीएच कमी असतो, त्यांना हा त्रास तुलनेने कमी.

टाचणी, दुपारी १२:३०

म्हणजे शू एकटी बिचारी निरपराध, शी एकटी अर्धी गुन्हेगार, आणि दोघी भेटल्या की टोळी.

अधांतर, दुपारी १२:३४

अगदी. आणि डायपर ही त्यांची भेटायची जागा.

कापडी_लंगोट, दुपारी १:१५

म्हणूनच मी म्हणते, मुळात डायपरच कशाला? सुती लंगोट वापरा, हवा खेळती राहते.

जुळ्यांची_आई, दुपारी १:५०

झालं सुरू! दोन्ही वापरलेत, म्हणून बोलते. लंगोट ओला झाल्या क्षणी बदलत असाल तर उत्तम. पण ओला लंगोट अर्धा तास अंगाला चिकटून राहिला तर तो डायपरपेक्षा वाईट. आताच्या डायपरमध्ये पाणी शोषून जेल होणारे दाणे असतात, ते शू त्वचेपासून लांब धरून ठेवतात. शीच्या बाबतीत मात्र दोघांचीही बुद्धी चालत नाही, ताबडतोब बदलणं हाच मार्ग. लंगोटावर प्लॅस्टिकची चड्डी घालत असाल तर हवा खेळती वगैरे विसरा. आणि धुताना साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा, कपडे मऊ करायचं द्रावण घालू नका.

आणि दिवसा दर दोन-तीन तासांनी बदलायचं, डायपर 'भरलाय की नाही' हे न बघता. तान्ह्या बाळाला त्याहून लवकर.

कापडी_लंगोट, दुपारी २:०५

प्लॅस्टिकच्या चड्डीशी सहमत. बाकीच्याशी नाही, पण आज भांडत नाही, धागा दुसऱ्या कामासाठी आहे.

सावकाश, दुपारी २:३०

दातांचा प्रश्न राहून गेला. रॅशचं प्रमाण नऊ ते बारा महिन्यांत सगळ्यात जास्त, आणि दातही तेव्हाच येतात. वरचं खाणं वाढल्याने शीही त्याच सुमारास बदलते. एकाच वेळी तिघं घरात शिरले की आळ नेहमी दातांवर जातो. सासूबाईंना असं सांगू नका अर्थात.

खिडकीपाशी (धागाकर्ती), रात्री ९:२०

डॉक्टरकडे जाऊन आले. पांढरा_एप्रन ताई, तुम्ही लिहिलंत तेच: कँडिडा. ट्यूब दाखवली तेव्हा त्यांनी फक्त भुवई वर केली. त्यापेक्षा रागावले असते तर बरं वाटलं असतं.

नुसतं बुरशीवरचं क्रीम दिलंय, स्टेरॉइड नसलेलं, दिवसातून तीनदा. आधी ते पातळ लावायचं, काही मिनिटं जिरू द्यायचं आणि मग वर झिंकचा गिलावा (हा शब्द आता घरात रुळला आहे). रॅश गेलेला दिसला तरी पुढे काही दिवस चालू ठेवायचं. तोंड बघितलं, ते स्वच्छ आहे. नवऱ्याने ट्यूब स्वतःच्या हाताने फेकली.

वाइप्सबद्दल विचारलं. म्हणाले, बिनवासाचे, अल्कोहोल नसलेले वाइप्स एरवी चालतात, पण त्वचा सोललेली असेपर्यंत नुसतं पाणी.

बाबा_रात्रपाळी, रात्री १०:४०

बरं वाटेल तिला, पण धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक लिहून ठेवतो. सगळंच कँडिडा नसतं. आमच्या मुलाला दीड वर्षाचा असताना गुदद्वाराभोवती रेखून काढल्यासारखं लाल वर्तुळ उठलं होतं. ठिपके नाहीत, ताप नाही. आम्ही तीन आठवडे बुरशीचं क्रीम लावत बसलो. तो शी दाबून धरायला लागला. टेबलाचा पाय धरून, टाचा उंच करून, चेहरा लाल करून उभा राहायचा, आणि आम्हाला वाटायचं बद्धकोष्ठता. एक दिवस शीवर रक्ताची रेघ दिसली तेव्हा पळालो. कापसाच्या काडीने नमुना घेतला, स्ट्रेप्टोकॉकस निघाला. घशाला होतो तोच जिवाणू. त्याला पोटातून अँटिबायोटिक लागतं, वरून काहीही थापा, उपयोग शून्य.

पांढरा_एप्रन, रात्री ११:१०

फार चांगलं केलंत लिहिलंत ते, हे हमखास सुटतं. आणखी काही चित्रं, फक्त ओळख म्हणून: घड्यांत लाली आणि शिवाय डोक्यावर तेलकट खपल्या असतील तर सेबोऱ्हिक डर्मटायटिस. कमरेला आणि मांडीच्या कडेला, नेमकी इलॅस्टिक टेकते तिथेच लाली असेल तर डायपरमधल्या कशाची तरी ॲलर्जी. पातळ भिंतीचे फोड येऊन फुटत असतील तर जिवाणूंचा संसर्ग. ढुंगणाबरोबर तोंडाभोवती आणि हातापायांवरही चट्टे, सोबत जुलाब आणि केस गळणं असेल तर शरीरात झिंक कमी पडत असण्याची शक्यता असते. ती दुर्मीळ, पण ओळखली तर उपचार आहेत.

घरगुती काळजी दोन-तीन दिवस नीट घेऊन फरक नसेल तर दाखवाच. ताप, पू, फोड, रक्त, बाळ दूध घेत नाही, किंवा बाळ महिन्या-दीड महिन्याचंच आहे, तर दोन दिवसही थांबू नका.

खिडकीपाशी (धागाकर्ती), सहा दिवसांनी, दुपारी ३:३०

अपडेट देतेय, कारण शेवट न सांगता गायब होणारे धागाकर्ते मला स्वतःलाच आवडत नाहीत.

पहिल्या दोन दिवसांत ठिपके सुकले, त्यांच्या जागी बारीक कोंडा सुटला. घड्यांतला ओलसरपणा चौथ्या दिवशी गेला. आज नुसती गुलाबी छटा उरली आहे. पाण्याच्या बाटलीला ती आता हसते, धार पकडायला बघते आणि मला भिजवते. उघडं ठेवण्यापायी दोन दुपटी, एक उशी आणि नवऱ्याची लॅपटॉपची बॅग कामी आली.

एकच शंका उरली. रात्री सलग सहा तास झोपते. त्यासाठी उठवून डायपर बदलू का?

जुळ्यांची_आई, दुपारी ३:४५

शी झाली असेल तर बदला, झोपमोड झाली तरी. नुसती शू असेल तर रॅश असेपर्यंत एकदा, तुमच्या झोपायच्या आधी, अंधारातच हलक्या हाताने. पूर्ण बरं झालं की जाड थर थापून झोपू द्या. डायपर थोडा सैल बांधा, दोन बोटं सहज आत जायला हवीत. कमरेवर वळ उठत असतील तर एक साइज मोठा घ्या.

टाचणी, दुपारी ४:०२

लॅपटॉपच्या बॅगेचं काय झालं ते सांगा.

खिडकीपाशी (धागाकर्ती), दुपारी ४:१०

वाळतेय. तो कालपासून कापडी पिशवी घेऊन कामाला जातोय.